मागायला तरी गवत हवं

आमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरी काही ना काही राखतात. कुणी शेळ्या, कुणी वासरं, कुणी धाकटी भावंडं. मी गवत राखते. हे सांगितलं की शाळेतल्या मुली खिदळतात, कारण गवत काही पळून जात नाही. मग मी त्यांना सांगते की गवत नाही पळत, पण ते नसलं की माती पळते, आणि माती निघाली की कुणाचा निरोपसुद्धा घेत नाही.

असलं काहीतरी मी हल्ली सारखं बोलत असते. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला माझे नुसते ओठ हलायचे. मग एक दिवस भूगोलाच्या बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब पडला की काय होतं ते सांग म्हणाल्या. मला ते पाठ्यपुस्तकातून सांगायची गरजच नव्हती. ते मी आमच्या दारातून रोज बघत होते. मी सांगत गेले, सांगत गेले, घंटा झाली तरी सांगत होते. त्या दिवशी मला माझा आवाज सापडला आणि मी तो पुन्हा कुठे ठेवून दिलेला नाही. बाबा म्हणतात, आमच्याकडे बिनबॅटरीचा रेडिओ आहे, फक्त बंद करायचं बटण मिळत नाही.

तर ते आमच्या दारातून दिसतं ते असं. येयोच्या, म्हणजे माझ्या आईच्या घराच्या वरच्या अंगाला टेकडीचा उतार आहे आणि खालच्या अंगाला घळ आहे. घर मधोमध. घर येयोनं स्वतः बांधलंय, काठ्या स्वतः वाकवल्या, शेणमाती स्वतः लिंपली, मी तेव्हा तिच्या पाठीवर होते. त्या वेळी घळ कुठे तरी लांब खाली होती, तिच्यात लपाछपी खेळायला जावं लागायचं. मग दर पावसाला ती वर सरकायला लागली. उतारावर गवत उरलं नाही, त्यामुळे पाऊस आला की पाणी थांबायचं नावच घ्यायचं नाही. लाल होऊन धावत यायचं, आमच्या घराला वळसा घालायचं आणि घळीत उडी मारायचं, आणि उडी मारताना काठाचा एक घास तोडून न्यायचं. आमचा जुना गोठा त्या घासांत गेला. आजीचं चिंचेचं झाड गेलं. मी दाराच्या उंबऱ्यापासून काठापर्यंत पावलं मोजायची. चाळीस, पस्तीस, सव्वीस.

बावीस झाली तेव्हा येयो अकरा बायकांना घेऊन वस्तीचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे गेली. उतार आमच्या ताब्यात द्या म्हणाली. आम्ही त्याला काट्याचं कुंपण घालू, चंद्रकोरीसारखे खड्डे खणू, खालच्या अंगाला मातीचा बांध ठेवू, म्हणजे वरून आलेलं पाणी त्या ओंजळीत थांबेल. त्यात गवताचं बी पेरू.

म्हातारे आधी हसले. मग रागावले. आमची माणसं जमीन खणत नाहीत. जमिनीला कातडी असते, त्या कातडीवर गवत येतं आणि गवतावर गाई जगतात, ती फाडायची म्हणजे शेतकऱ्यांचं काम. शिवाय गवत पेरायचं? ते तर देव पेरतो. सगळ्यांत वडीलधारे सिरोन्का आजोबा म्हणाले की आता बायका पाऊससुद्धा हंड्यातून शिंपणार आहेत का. त्यावर येयो म्हणाली, शिंपू, पण आधी पडलेला तरी थांबवू द्या.

शेवटी त्यांनी दिला उतार. अट घालून दिला. गवताचं बी दोनदा पिकून जमिनीवर गळेपर्यंत तो बायकांचा. त्याआधी आत एक जरी खूर पडला, तर कुरण सगळ्यांच्या गुरांना मोकळं. सिरोन्का आजोबांनी स्टुलाशेजारची गवताची काडी उपटली, हातात धरली आणि तसा शब्द दिला. आमच्याकडे गवत हातात धरल्याशिवाय दिलेला शब्द, शब्द होत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या स्टुलाशेजारी उपटण्यापुरतं गवत होतं, हे लक्षात ठेवा.

पहिलं बी गेल्या वर्षी गळलं. दुसरं या डिसेंबरात पिकत होतं. शाळेला मोठी सुट्टी होती, म्हणून राखण माझ्याकडे आली. आणखी दहाबारा दिवस, येयो म्हणाली, मग खुशाल झोप.

पण तिथे जागं राहणंच अवघड. कुंपणाच्या तोंडाशी एक बाभूळ आहे, तिच्याखाली मी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसायची. कुंपणाचं तोंड म्हणजे काट्याची एक मोठी फांदी, ओढली की कुरण उघडतं. एका बाजूला तपकिरी जग, धूळ, दगड, उघड्या पडलेल्या मुळ्या. दुसऱ्या बाजूला माझ्या कमरेएवढं गवत. नोव्हेंबरात पाऊस चारच दिवस आला होता आणि दोन्हीकडे सारखाच पडला होता. बाहेरचा त्याच दिवशी घळीत गेला. आतला अजून तिथेच होता, पायाखाली, चंद्रकोरींच्या पोटात. मी तळवा टेकवला की गार लागायचं.

दुपारी बाराच्या पुढे सगळं हलायला लागायचं. समोरची टेकडी जमिनीवरून सुटायची आणि वर तरंगायची, तिच्याखाली पाण्याची एक चकचकीत पट्टी. धुळीचे खांब माळावरून एकेकटे चालत जायचे, बाजाराला निघाल्यासारखे. आणि गवत बोलायचं. लोंब्या पिकल्या की त्यांचा आवाज बदलतो, ओला सळसळाट जाऊन कोरडी कुजबुज येते. ती ऐकत ऐकत माझे डोळे मिटायचे आणि मला नेहमी तेच दिसायचं. आमच्या टेकडीवरची माती उठलीय आणि एकामागून एक रांगेनं उतरतेय, पाण्याला जाणाऱ्या बायकांसारखी, डोक्यावर काहीच न घेता. मी हाका मारते. ती वळून बघते, पण तिला माझं नाव आठवत नाही. मग गवत तिचा पदर धरतं आणि ती खाली बसते. एवढंच स्वप्न. तिनं पदर सोडवून घेतला असं एकदाही झालं नाही, म्हणून मला ते आवडायचं.

त्या दिवशी डोळे उघडले तर तरंगणाऱ्या पाण्यातून गाई येत होत्या. पाय नव्हते त्यांना, नुसती अंगं हवेतून येत होती. मला वाटलं, स्वप्न अजून संपलं नाही. मग हळूहळू त्यांना पाय फुटले आणि बरगड्याही दिसायला लागल्या. पाच गाई. त्यांच्यामागे लाल शुका, म्हणजे चादर, अंगाभोवती गुंडाळलेला एक म्हातारा, काठी दोन्ही खांद्यांवर आडवी.

ते तिपांको आजोबा होते, माझ्या आजोबांच्या बरोबरीचे. टेकडीपलीकडे त्यांची मुलगी दिलीय, तिच्याकडे चालले होते. दोन दिवस चालत होते. मी उठून डोकं पुढे केलं, त्यांनी त्यावर तळवा टेकवला. हात इतका हलका होता की मला वाटलं पान पडलं.

"कुणाची गं तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मग, विचारलं नव्हतं तरी, बाकीचंही सगळं सांगितलं. थेंब कसा दगडासारखा आदळतो, गवत त्याला कसं झेलतं, बांध कसे घातले, अट काय आहे, बी गळायला किती दिवस आहेत. त्यांनी अगदी शेवटपर्यंत ऐकलं. असं कुणी ऐकत नाही.

"छान सांगतेस," ते म्हणाले. "माझ्या गाईंनाही समजलं असेल. त्या बघ, मान हलवतायत."

त्या मान हलवत नव्हत्या, त्यांच्या माना खाली लोंबत होत्या. त्यातली एक निळसर करडी गाय होती, ती कुंपणाला कपाळ टेकवून उभी राहिली होती आणि काट्यांतून येणारा वास घेत होती. आजोबांनी तिच्यासाठी हळू आवाजात एक गाणं म्हटलं, आमच्याकडे माणसं आपल्या लाडक्या गाईला म्हणतात तसलं. ती ऐकत नव्हती. ते गाणं म्हणजे आता नुसता तिच्या नावाचा जप उरला होता.

मी त्यांच्यासाठी भोपळ्याच्या तुंब्यातलं दूध ओतायला वळले. माझ्या वाटणीचंच होतं, थोडंच. वळून बघते तर ते माझ्यासमोर उभे होते आणि त्यांनी दोन्ही हातांत गवताचा एक ठोंब धरला होता. हिरवा.

आता हे कसं सांगू. लहानपणी माझा भाऊ मारामारीत हरायला आला की हात खाली घालून चार काड्या उपटायचा आणि माझ्यापुढे धरायचा. माझी वर गेलेली मूठ आपोआप खाली यायची. ते कुणी शिकवावं लागत नाही, शिंक येते तसं येतं. गवत पुढे धरलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. आणि इथे तर आजोबांच्या वयाचा माणूस माझ्यासारख्या पोरीपुढे ते धरून उभा होता. मी काट्याची फांदी ओढली.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. त्या वेळी तरी नाही. गाई आत गेल्या आणि पोटापर्यंत गवतात बुडाल्या. मग तो आवाज सुरू झाला, गाय गवत तोडते तो, ओढ, कट, ओढ, कट, पाच तोंडांचा मिळून एक. तसा आवाज मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. करड्या गाईच्या नाकावर बी चिकटलं होतं. तिपांको आजोबा गवतात मांडी घालून बसले आणि डोळे मिटून दूध पीत राहिले, आणि टेकडी तरंगत होती, आणि मला वाटलं, सगळ्या जगाला मीच जेवायला वाढतेय.

बाभळीची सावली पुस्तकावरून माझ्या पायावर आली तेव्हा ते उठले. तेवढंच चारलं त्यांनी, जास्त नाही. जाताना म्हणाले, येयो रागावेल, तिला माझं नाव सांग. मग गाई पुन्हा त्या पाण्यात शिरल्या आणि त्यांचे पाय नाहीसे झाले.

तेव्हा मी आत वळून बघितलं. सात चंद्रकोरींचे बांध फुटले होते.

येयो आणि नोन्किशू मावशी पाणी घेऊन आल्या, तोवर मी दोनच बांध कसेबसे थापले होते. नोन्किशू मावशी त्या अकरा जणींतली सगळ्यांत तिखट जिभेची. तिनं कुंपणाशी हंडा उतरवला, आत बघितलं आणि म्हणाली, "रेसियातो, गवताला शेण कधीपासून व्हायला लागलं?"

मी सगळं भडाभडा सांगितलं, गवत कसं पुढे धरलं तेही. येयो आत गेली, एकेका फुटलेल्या बांधाशी वाकली, बोटांनी कड चाचपली. मग घरी जाऊन तिनं अंगण झाडलं. सकाळी झाडलेलंच पुन्हा झाडलं, दारापासून घळीच्या काठापर्यंत, आणि काठाशी पोचल्यावर तिथेच केरसुणी धरून उभी राहिली. ती ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरं भरपूर होती.

ऊन उतरायच्या आत निरोप आला. वाटेवरच्या गुराख्यांनी खुरांच्या खुणा बघितल्या होत्या. उद्या सकाळी बैठकीच्या झाडाखाली सगळ्यांनी यायचं.

सगळ्यांची गुरं त्या दिवसांत काठीसारखी झाली होती, आमचीसुद्धा. कुरण मोकळं झालं असतं तर दोन दिवसांत मुळासकट साफ झालं असतं. मार्चचा पाऊस उघड्या उतारावर पडला असता. आणि बावीस पावलं म्हणजे काही फार नाहीत. हे मला भूगोलाच्या बाईंनी सांगायची गरज नव्हती.

तो ठोंब मी दुपारी पुस्तकात ठेवला होता. पुस्तक उघडलं तर पानावर ओला डाग. ठोंबाला मुळं होती आणि मुळांना गार माती चिकटली होती. मी ती माती कितीतरी वेळ बोटांत चोळत बसले. मग एकदम उठले आणि कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेले. वळणाशी काटे थोडे बाजूला सारलेले होते आणि आत, कडेच्या चंद्रकोरीत, मुठीएवढा खड्डा होता. मी ठोंब त्यात धरून बघितला. नेमका बसला.

म्हणजे माझ्याकडे गवत मागायला त्यांनी माझंच गवत उपटलं होतं. मी दूध ओतत होते तेव्हा. मला इतका राग आला की कान गरम झाले. त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या भाषण तयार केलं, पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, थेंबाचा मुद्दा, फसवणुकीचा मुद्दा. उपटलेली वस्तू ज्याची त्याला देऊन कुणी काही मागतं का. असं काय काय.

सकाळी झाडाखाली म्हातारे स्टुलांवर बसले होते, काठ्या मांडीवर. बाबा त्यांच्यात मागच्या अंगाला. बायका थोड्या लांब, जमिनीवर. तिपांको आजोबाही मुलीकडून चालत आले होते. सिरोन्का आजोबांनी त्यांना विचारलं, खूर आत पडला का. पडला, ते म्हणाले, वीस खूर पडले. उघडलं कुणी, असं विचारल्यावर मी उभी राहिले आणि बोलायची परवानगी मागितली. कुणीतरी म्हणालं, पोरीला बसवा. बाबा म्हणाले, बोलू द्या, नाहीतर घरी आम्हाला ऐकावं लागेल. त्यावर थोडे हसले आणि मला वाट मिळाली.

मी पुढे गेले. आणि माझं सगळं भाषण, मुद्द्यांसकट, कुठेतरी निघून गेलं, त्या रांगेतल्या मातीसारखं. मी नुसता तो ठोंब तिपांको आजोबांच्या पायांपुढे ठेवला.

"आजोबा, हे कुठून उपटलंत?"

त्यांनी तो उचलला. मुळांवरची माती अंगठ्यानं सारखी केली.

"तुमच्या कुंपणातून," ते म्हणाले. "दुसरं कुठून उपटू, बाळ? परवा पहाटे निघालो तेव्हाच ठरवलं होतं, वाटेत कुणाकडे तरी गाईंसाठी मागू. मागायचं तर रिकाम्या हातानं कसं मागू? दोन दिवस जमिनीकडे बघत चाललोय. मान दुखली. एक काडी हाताला लागेना. मागायला तरी गवत हवं, तेसुद्धा या मुलुखात फक्त तुमच्याकडे होतं."

माझा राग कसा गेला ते मला कळलं नाही. मला एकदम तो रस्ताच दिसला, दोन दिवसांचा, आणि त्यावरून खाली बघत चाललेला माणूस.

मग सिरोन्का आजोबांनी घसा साफ केला. ठरलं होतं ते ठरलं होतं, ते म्हणाले. खूर पाहुण्याचा असो की घरचा, खूर तो खूर. तेव्हा आता शब्द देऊन टाकू, आणि त्यांनी न बघता, सवयीनं, उजवा हात स्टुलाशेजारी खाली नेला.

हात जमिनीवर फिरला. थोडा पुढे गेला, मागे आला. वर आला तेव्हा बोटांत धूळ होती. त्यांनी ती झटकली आणि डावा हात डाव्या बाजूला नेला. तिथेही धूळ. आता त्यांनी वाकून बघितलं. मग शेजारच्या म्हाताऱ्यानं आपल्या स्टुलाखाली बघितलं, मग त्याच्या शेजारच्यानं. एवढी मोठी माणसं, सगळी वाकून आपापल्या पायांखाली काहीतरी हरवल्यासारखी शोधत होती. वर झाडाची पानं हलत होती आणि खाली त्यांच्या सावल्या उघड्या मातीवर हलत होत्या. मला पुन्हा ते स्वप्न पडतंय असं वाटलं.

"रेसियातोच्या आईकडे मागावं लागेल," मागून बाबा म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

सिरोन्का आजोबा उठले. ते बायकांकडे चालत गेले, हे आम्ही कुणी आधी पाहिलं नव्हतं. येयोपुढे उभे राहिले.

"रेसियातोच्या आई, थोडं गवत हवं होतं."

"कशासाठी?" येयोनं विचारलं.

ते थांबले. माणूस खरं बोलणारा.

"तुझं कुरण मोकळं झालं, असा शब्द द्यायला."

पहिल्यांदा नोन्किशू मावशी हसली. तोंडावर हात ठेवला तरी तिला आवरेना. मग बाकीच्या बायका, मग पुरुषांत कुठेतरी बाबा, आणि मग तिपांको आजोबा, दात नसलेलं तोंड उघडून, खांदे हलवत. सिरोन्का आजोबा तसेच उभे होते. कधीतरी त्यांच्याही मिशा हलल्या.

येयो हसली नाही. ती उठली, उतारावर गेली, आम्ही सगळे तिची वाट बघत राहिलो. एक लांब काडी घेऊन आली, टोकाला पिकलेली लोंबी. दोन्ही हातांनी पुढे धरली.

"घ्या," ती म्हणाली. "मूळ नाही देणार, वरचं वर खुडलंय. पण आज हे वापरलंत की पुढच्या बारशाला, पुढच्या भांडणाला, पोरींना निरोप देताना हातात काय धरायचं, ते तेवढं आधी ठरवा."

सिरोन्का आजोबांनी काडी घेतली. ती धरून ते बराच वेळ बघत राहिले. वाऱ्यानं लोंबीतलं बी सुटून त्यांच्या शुक्यावर चिकटत होतं आणि ते झटकत नव्हते. मग ते स्टुलावर जाऊन बसले आणि काडी वर धरून म्हणाले की खूर पडला ही गोष्ट खरी, पण तो गवत धरून मागणाऱ्याचा होता, म्हणजे कुणी घुसलं नाही, दिलं गेलं. बी गळेपर्यंत कुरण बंद. गळल्यावर कधी उघडायचं, किती गुरांना, किती वेळ, ते बायका सांगतील. कुणाला काही मागायचं, शब्द द्यायचा, आशीर्वाद द्यायचा असेल, त्यानं रेसियातोच्या आईकडून काडी मागून न्यावी. आणि फुटलेले बांध तिपांकोनं नीट करावेत.

"खणू?" तिपांको आजोबा म्हणाले. "मी? या वयात शेतकरी करता होय मला?"

"माती आहे, चावत नाही," नोन्किशू मावशी म्हणाली.

त्यांनी तीन दिवस लावले. उकिडवे बसून, मोठमोठ्यानं कुरकुरत, सारखे इकडेतिकडे कुणी बरोबरीचं बघतंय का ते पाहत. पण बांध इतके गोल केले की येयोनं स्वतः जाऊन बघितले. मी त्यांना पाणी नेऊन द्यायचे आणि थेंबाचं पुन्हा सांगायचे. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, आता पुढचा धडा सांग, हा गाईंना पाठ झालाय. तो ठोंब आम्ही दोघांनी मिळून त्याच्या खड्ड्यात परत लावला. मी माती दाबली, त्यांनी तोंडातलं पाणी त्यावर फवारलं, आशीर्वाद देतात तसं.

बी गळलं. जानेवारी सगळा पिवळा, झोपाळू गेला आणि मी शाळेत परतले.

मार्चच्या शेवटी पाऊस आला, तोही शनिवारी, मी घरी असताना. मी आणि येयो दारात उभ्या राहून उताराकडे बघत होतो. पाणी आलं, पण चालत आलं. स्वच्छ होतं. घराशी पोचलं तेव्हा एवढंसंच उरलं होतं, घळीच्या काठापर्यंत गेलं आणि विचार केल्यासारखं तिथेच मुरलं.

पंधरा दिवसांनी मी कुरणात फिरत होते तेव्हा ते दिसलं. फुटलेल्या बांधांच्या आसपास, जिथे तिपांको आजोबांच्या गाई उभ्या राहिल्या होत्या, तिथल्या खुरांच्या खळग्यांत पाणी साठलं होतं, वाऱ्यानं बी साठलं होतं, आणि प्रत्येक खळग्यात हिरवा पुंजका उगवला होता. जिथे खूर पडले नव्हते तिथल्यापेक्षा दाट. करडी गाय कुठून कुठे गेली ते मला पायऱ्यांसारखं दिसत होतं, हिरव्या पावलांनी, कुंपणापासून आतपर्यंत. मी धावत जाऊन येयोला ओढत आणलं.

तिनं बघितलं. वाकून दोन बोटांनी एक पुंजका चाचपला.

"रेसियातो," ती म्हणाली, "हे तेवढं वर्गात सांगू नकोस. सिरोन्का आजोबांना कळलं तर उद्या सगळी गुरं घेऊन येतील, पेरणीला मदत म्हणून."

मग आम्ही पावलं मोजायला गेलो. माझ्या पावलांनी एकवीस भरली. येयोनं मला बाजूला केलं, वहाणा काढल्या आणि उंबऱ्यापासून स्वतः चालत निघाली, माझ्या तेव्हाच्या पावलांएवढी आखूड पावलं टाकत, काठापर्यंत. बावीस.

"तुझे पाय वाढलेत," ती म्हणाली.